माळकरी आजीला इंग्रजीत काय म्हणायचं? (श्रद्धा, धर्म, विचार, ज्ञान ह्या भागातले इंग्रजी शब्द)

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता समाजकार्यात मास्टर्स करायला बाहेरच्या विद्यापीठांना अर्ज करतेय, त्यात एक निबंध लिहावा लागतो की तुम्ही कोण, कुठून आलात, हेच क्षेत्र का. मी आजीबद्दल लिहिलं. आजी माळकरी आहे, चाळीसेक वर्षं वारी केली, अक्षर ओळखत नाही पण अख्खा हरिपाठ तोंडपाठ, आणि गावात कुठल्याही घरात काही झालं, नवऱ्यानं हात उचलला, सासूनं बाहेर काढलं, की ती बाई आधी आमच्या ओसरीवर यायची, मग ती कुठल्या का जातीची असेना. मी ह्या क्षेत्रात आले ते त्या ओसरीमुळे.

आता हे इंग्रजीत लिहिताना मी डिक्शनरी बघून आजीला ऑर्थोडॉक्स लिहिलं, सुपरस्टिशस लिहिलं (ती अमावास्येला प्रवासाला निघू देत नाही म्हणून) आणि अनएज्युकेटेड लिहिलं. निबंध एका ओळखीच्या ताईंना वाचायला दिला, त्यांनी वाचून विचारलं, "आजी खूप कडक आहेत का गं? तुला त्रास दिला का त्यांनी?" मला इतकं वाईट वाटलं की मी दोन दिवस फाइलच उघडली नाही. एक शब्द चुकीचा नव्हता डिक्शनरीप्रमाणे आणि तरी माणूसच दुसरं झालं.

तर ह्या भागातले इंग्रजी शब्द नीट कसे समजून घ्यायचे? यादी नकोय, यादी पाठ करून झालीय माझी, शब्दांची चव कळत नाहीये.

जुनापार:
कोयनाकाठ, वयानं मोठा आहे म्हणून अगं-तुगं करतो. ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा.

ऑर्थोडॉक्सपासून सुरू करू. ऑर्थो म्हणजे सरळ, बरोबर (हाडांच्या डॉक्टरांच्या पाटीवर असतं तेच), आणि डॉक्सा म्हणजे मत. ज्याचं मत बरोबर तो ऑर्थोडॉक्स. ख्रिस्ती धर्मात काय मानता ह्याला फार महत्त्व, त्यावर परिषदा भरल्या, लोक वाळीत पडले, म्हणून तिथे हा शब्द मोठा झाला. डॉक्साचं कुटुंब बघ, पॅराडॉक्स म्हणजे रूढ मताच्या उलट जाणारं, हेटरोडॉक्स म्हणजे वेगळ्या मताचा, आणि डॉग्मा पण त्याच घरातला, मूळ क्रियापदाचा अर्थ 'वाटणं'. कुणाला तरी जे योग्य वाटलं त्याचा पुढे हुकूम झाला.

आता आपल्याकडे बघ. देव एक की अनेक, आहे की नाही, ह्यावरून आपल्या घरात कुणी कुणाला जेवणावरून उठवत नाही, पण सोवळ्यात हात लावला की घर डोक्यावर. म्हणजे आपलं सगळं मतात नाही, आचारात. म्हणून 'कर्मठ' ह्या शब्दात कर्म आहे, मत नाही. त्यासाठी इंग्रजीत अभ्यासकांनी दुसरा शब्द ठेवलाय, ऑर्थोप्रॅक्सी, आचार बरोबर असणं. तुझ्या आजीच्या ओसरीवर सगळ्या जातीच्या बायका बसत होत्या, म्हणजे ती ऑर्थोडॉक्सही नाही आणि कर्मठही नाही. तुझा शब्दच मुळात दुसऱ्या बाईचा होता.

लीड्सकर:
सरांच्या प्रतिसादाला जोड. इथे इंग्लंडमध्ये ऑर्थोडॉक्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर ग्रीक किंवा रशियन चर्च येतं, नाहीतर ऑर्थोडॉक्स ज्यू. हिंदू आजीला ऑर्थोडॉक्स म्हटलं की वाचणारा मनात जातपात, विधवेचं केशवपन वगैरे जोडून घेतो, तुमच्या ताईंचं तेच झालं असणार.

निवडुंग:
सुपरस्टिशसबद्दल बोलायचंय, मी अंनिसच्या (महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती) कामात बरीच वर्षं आहे.

हा शब्द नेहमी दुसऱ्यानं दुसऱ्याला लावलेला असतो, स्वतःला कुणी सुपरस्टिशस म्हणवून घेत नाही. रोमन लोकसुद्धा आपल्या उपासनेला रिलिजिओ म्हणायचे आणि परक्यांच्या उपासनेला सुपरस्टिशिओ. म्हणून हा शब्द कायद्यात आणणं अवघड. डॉक्टर दाभोलकरांनी ही समिती १९८९ मध्ये काढली, तिच्या नावात अंधश्रद्धा हा शब्द आहे, पण २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर त्याच वर्षी जो कायदा आला त्याच्या नावात तो शब्द नाही, तिथे नरबळी, अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा, जादूटोणा असे शब्द आहेत, आणि श्रद्धा कुठली, अंधश्रद्धा कुठली ह्याची व्याख्या न करता अनुसूचीत सरळ कृत्यं लिहिलीत की हे हे केलं तर गुन्हा. उलट यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, प्रवचन ह्यांना हा कायदा लागू नाही असंही त्यातच लिहिलंय.

तुम्ही पण निबंधात तेच करा. विशेषण लावू नका, कृती सांगा. आजी अमावास्येला निघू देत नाही, एवढं लिहिलं की पुरे. वाचणाऱ्याला त्यात काळजी पण दिसू दे आणि तुम्हाला ते पटत नसेल तर ते पण लिहा. मला स्वतःला ते पटत नाही, पण म्हणून त्या बाईच्या सगळ्या आयुष्यावर एकच शिक्का मारायचा हे बरोबर नाही.

कोयनाकाठ:
सर, निवडुंग दादा, खूप आभार. कृती सांगा हे लिहूनच ठेवलं.

आता दुसरा घोळ. निबंधात बाबांबद्दल एक वाक्य आहे, मी त्यांना एथिइस्ट लिहिलंय. पण ते देव नाहीच असं कधी म्हणत नाहीत, विचारलं तर म्हणतात "असंल नसंल, आपल्याला काय दिसलाय?" आणि आजीला दिंडीपर्यंत सोडायला मात्र दरवर्षी तेच जातात. ह्यांना काय म्हणायचं?

शब्दखुळी:
अ‍ॅग्नॉस्टिक! मराठीत अज्ञेयवादी. हा शब्द फार जुना नाही बरं का, थॉमस हक्सली ह्या शास्त्रज्ञानं १८६९ मध्ये तयार केला, त्याच्या भोवती सगळे छातीठोक सांगणारे, कुणी देव आहे म्हणून कुणी नाही म्हणून, आणि ह्याला दोन्हीकडचा ठामपणा पटेना. 'ग्नोसिस' म्हणजे ज्ञान, आधी 'अ' लावून नकार. आणि गंमत म्हणजे हे ग्नो आणि आपलं 'ज्ञा' सख्खं आहे, अगदी एकाच मुळातून आलेलं, इंग्रजी नो (म्हणजे माहीत असणं) त्याच्या स्पेलिंगमधला न बोलला जाणारा के पण तिथलाच. डायग्नोसिस, कॉग्निशन, इग्नोरंट सगळे भाऊबंद. तेव्हा अज्ञेय आणि अ‍ॅग्नॉस्टिक हे भाषांतर इतकं चपखल बसलंय की नकारासाठी अ सुद्धा तोच आणि धातू सुद्धा तोच. आगरकरांना अभ्यासक अज्ञेयवादी म्हणतात, पण त्यांच्या काळापासून आजपर्यंत लोक सरसकट नास्तिकच म्हणत आलेत, तुमच्या बाबांचं झालं तसंच.

एक सापळा सांगते. थिइस्ट, एथिइस्टमधला 'थिऑस' आणि आपला 'देव' हे दिसायला जवळचे वाटतात पण नातं नाही त्यांचं. देवाचे खरे नातेवाईक डीइटी, डिव्हाइन, लॅटिन देउस. आणि द्यौस् + पितर म्हणजे ज्युपिटर.

पायवाट:
म्हणजे डीइस्ट आणि थिइस्ट एकच का? एक लॅटिन आणि एक ग्रीक?

शब्दखुळी:
पायवाट, मुळात अर्थ तोच पण इंग्रजीत वाटण्या झाल्या. थिइस्टचा देव जगात लक्ष घालतो, हाक मारली तर ऐकतो. डीइस्टचा देव जग निर्माण करतो, नियम लावून देतो आणि पुढे ढवळाढवळ करत नाही, त्याला पोथी, पुजारी, चमत्कार काही लागत नाही. थॉमस पेन डीइस्ट होता, आणि जोतीराव फुल्यांनी पेन वाचला होता. फुल्यांचा 'निर्मिक' शब्द मला नेहमी तिथे आठवतो, देव नाही ईश्वर नाही, निर्मिक, ज्यानं निर्माण केलं तो. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हा माणूस आणि निर्मिक ह्यांच्यामध्ये दलाल नको हाच मुद्दा.

निवडुंग:
शब्दखुळी ताई, थोडी दुरुस्ती करतो. फुल्यांना नुसतं डीइस्ट म्हणून सोडून देऊ नका. युरोपातला डीइस्टांचा देव घड्याळजीसारखा, किल्ली देऊन निघून गेलेला. फुल्यांचा निर्मिक असा कोरडा नाही, सगळी माणसं, बाई आणि बुवा, त्याचीच लेकरं म्हणून सारख्या हक्काची, असं त्यांचं सांगणं आहे आणि सगळा जोर त्या हक्कावर आहे. इंग्रजी शब्दात तो जोर येत नाही.

शब्दखुळी:
मान्य. तो जोर महत्त्वाचा, मी घाईत लिहिलं.

जुनापार:
आता माझा सगळ्यात लाडका शब्द सांगतो. क्रीड, क्रेडो, क्रेडिबल, क्रेडिट. लॅटिन 'क्रेडो' म्हणजे मी मानतो, माझा विश्वास आहे. आणि हा शब्द आणि आपली 'श्रद्धा' हे एकच आहेत! श्रद् + धा, तिकडे क्रेद् + दो. जुना अर्थ हृदय ठेवणं. ज्याच्यावर काळीज ठेवलं ती श्रद्धा. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरं पण मान वर करायची, कारण घरी बापाची पतसंस्थेची कटकट चालू असायची आणि क्रेडिट सोसायटीमध्ये श्रद्धा आहे हे ऐकून त्यांना नवल वाटायचं. आपण पण 'पत' म्हणतोच की, माणसाची पत आणि बँकेतली पत एकच शब्द.

ह्यातले तीन नीट वेगळे ठेव, परीक्षेत आणि लिहिण्यात दोन्हीकडे घोळ होतो. क्रेडिबल म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा. क्रेड्युलस म्हणजे कशावरही पटकन विश्वास ठेवणारा. क्रेडिटेबल म्हणजे वाखाणण्याजोगं. आणि इन्क्रेडिबल गोष्ट असते, इन्क्रेड्युलस माणूस असतो, म्हणजे ज्याचा विश्वास बसत नाहीये तो.

गवतीचहा:
सर, बिलीफबद्दल पण लिहा ना, मी कुठेतरी वाचलं होतं की तो लव्हच्या घरातला आहे.

जुनापार:
बरोबर वाचलंस. बिलीव्ह मुळात 'प्रिय मानणं', लव्ह त्याच घरातला, आणि संस्कृतातला लुभ्, लोभ पण तिथलाच. संस्कृतात आणि बाकीकडे लोभ म्हणजे हाव झाला, षड्रिपूंत जाऊन बसला. पण मराठीनं जुना अर्थ सांभाळला बघ, आपण पत्राच्या शेवटी लिहितो 'लोभ असावा ही विनंती'. तिथे हाव नसते, माया असते. आता पत्रं कुणी लिहीत नाही, लग्नपत्रिकेत कधीमधी दिसतं. मला तो लोभ आणि तो बिलीफ शेजारी ठेवून बघायला फार आवडतं.

पायवाट:
कोयनाकाठ ताई, आजीसाठी डीव्हाउट चालेल का? मी धार्मिकसाठी पायस आणि डीव्हाउट दोन्ही शिकलोय पण फरक कळत नाही.

लीड्सकर:
पायस आजकाल बोलताना जरा टोचरा झालाय, पायस पायस म्हणून नंतर काहीतरी दोष काढायचा असतो. अजून एक पायरी पुढे गेलं की सँक्टिमोनिअस, म्हणजे मी किती पवित्र असं दाखवणारा, आपला दांभिक. डीव्हाउटमध्ये तो डंख नाही, मनापासूनचा अशी छटा आहे. आजीला डीव्हाउट चालेल.

शब्दखुळी:
चालेल, पण तो शब्द 'व्होटम' वरून आलाय, व्होटम म्हणजे नवस. व्हाउ, व्होट, डीव्होशन, डीव्हाउट सगळे नवसाचे. आणि वारकरी तर नवसावर जात नाही, तुकोबांनी नवसाची किती खरडपट्टी काढलीय. वारकरी काही मागायला जात नाही, तो भेटायला जातो आणि पुढच्या वर्षी परत भेटायला जातो. तसं बघितलं तर आपली 'भक्ती' भज् धातूची, त्यात वाटून घेणं आहे, भाग शब्द तिथलाच. अर्थात आज इंग्रजी बोलणाऱ्या कुणाच्या मनात डीव्हाउट म्हणताना नवस नसतो, तेव्हा वापरायला हरकत नाही, मी फक्त मुळाचं सांगितलं.

इंद्रायणी_३:
पंढरपूरचा विषय निघालाय म्हणून लिहितो, आमचं घर तिकडचं. प्रोफेन हा शब्द. सगळीकडे त्याचा अर्थ अपवित्र, शिवराळ असा देतात. फोडून बघा, 'प्रो' म्हणजे पुढे, समोर, आणि 'फॅनम' म्हणजे देऊळ. देवळाच्या समोरचा, म्हणजे बाहेरच राहिलेला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर एकच जागा आली, महाद्वारासमोर नामदेव पायरीशी असलेली चोखोबांची समाधी. आयुष्यभर बाहेर उभा राहिलेला माणूस, आणि त्याच्यासारख्यांना आत जायला मिळावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. आमच्या घरात तेव्हाच्या आठवणी सांगणारी माणसं होती, दोन्ही बाजूंची होती, हे लिहिताना बरं वाटत नाही पण खरं आहे. प्रोफेन म्हणजे अपवित्र हा अर्थ बाहेर ठेवणाऱ्यानं लावलेला, बाहेर उभ्या असलेल्याला कुणी विचारलं नाही. मला तो शब्द साधा कधीच वाटला नाही.

फॅनॅटिक पण त्याच फॅनमचा, देवळात राहून देवानं झपाटलेला तो.

गवतीचहा:
इंद्रायणी, अंगावर काटा आला. झपाटलेलावरून आठवलं, एन्थुझिअ‍ॅझम! आता आपण उत्साह म्हणतो, पण मुळात 'आत देव', म्हणजे चक्क अंगात येणं. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजीत कुणाला एन्थुझिअ‍ॅस्ट म्हणणं ही शिवी होती, धर्माच्या नावानं भान सुटलेला अशी. आणि विचार करणंमध्ये रुमिनेट आहे ना, तो सरळ सरळ रवंथ आहे, गाय करते तोच. पाँडर म्हणजे वजन करणं, डीलिबरेटमध्ये पण तराजू आहे. आपण पण शब्द 'तोलून' बोलतो. हे शब्द मला असे एकदा कळले ते परत पाठ करावे लागले नाहीत.

मांडवीतीर:
पणजीहून लिहितोय. हेरेसी कुणी घेतला नाही म्हणून. ग्रीक मूळ अर्थ 'निवड', नुसती निवड. तू तुझं निवडलंस. मग चर्चनं ठरवलं की निवडायचंच नाही, आणि तोच शब्द गुन्हा झाला. आमच्याकडे गोव्यात इन्क्विझिशन (पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) १५६० ला सुरू झालं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. शिक्षा जाहीर करायच्या समारंभाला आउतो-द-फे म्हणायचे, शब्दशः अर्थ श्रद्धेचं कृत्य. कित्येक घरांनी देव उचलून नदीपलीकडे नेले, मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला आला तो असाच.

आणि त्याच गोव्यात फादर स्टीफन्स हा इंग्लिश माणूस १५७९ मध्ये आला, इथली भाषा शिकला आणि मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ ला छापलं. कोयनाकाठ, तुझा जो प्रश्न आहे ना तोच त्याचा होता, फक्त उलट्या दिशेनं. हेवनला मराठीत काय म्हणायचं? त्यानं वैकुंठ लिहिलं. वैकुंठ म्हटलं की विष्णू आलाच, त्याला ते ठाऊक होतं, तरी ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखीचा शब्द त्यानं घेतला. मला त्याच्याबद्दल आदर आहे आणि ज्या सत्तेबरोबर तो आला तिच्याबद्दल नाही, दोन्ही एकत्र आहे.

जुनापार:
मांडवीतीर, हेरेटिकला आपण पाखंडी म्हणतो, त्या शब्दाची पण हीच गत झालीय. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे फक्त पंथ, आणि राजा सांगतो की सगळ्या पासंडांचा मान राखा, स्वतःच्या पंथाची उगाच स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नका. तोच शब्द पुढे पाखंड झाला आणि त्याचा अर्थ ढोंग झाला.

कोयनाकाठ:
तुम्ही सगळे किती मनापासून लिहिताय, मी रात्री झोपण्याआधी हा धागा आईला वाचून दाखवते.

आता शेवटचा शब्द राहिला, अनएज्युकेटेड. हा मला सगळ्यात जास्त टोचतोय. इलिटरेट लिहू का? खरं तेच आहे, सही अंगठा आहे तिचा. पण तिला काय काय माहीत आहे ते कसं सांगू?

पायवाट:
एरुडाइट? म्हणजे व्यासंगी ना?

लीड्सकर:
नाही, एरुडाइटमध्ये पुस्तकं येतात, प्राध्यापक डोळ्यासमोर येतो. सॅव्हंट (गाढा विद्वान) पण नको. वाइज सगळ्यात साधा आणि बरा. हा वाइज आपल्या वेद, विद्या, विद्वानचा नातेवाईक आहे हे असू दे मनात.

इंद्रायणी_३:
आपल्याकडे तिच्यासाठी शब्द आहे, बहुश्रुत. इंग्रजीत माणसाचं मोठेपण सांगायला वेल-रेड म्हणतात, किती वाचलं. आपण म्हणतो किती ऐकलं. साठ वर्षं कीर्तनाला बसलेली बाई बहुश्रुत नाही तर कोण? आणि वाचून शहाणा न झालेल्यासाठी पण रामदासांनी दासबोधात अख्खा समास दिलाय पढतमूर्खाचा.

शब्दखुळी:
पढतमूर्खला लोक पेडंट म्हणतात ते मात्र बरोबर नाही. पेडंट म्हणजे शब्दाचा कीस पाडणारा. पढतमूर्ख वाचतो, दुसऱ्याला सांगतो आणि स्वतः वागत नाही. आणि 'बाबा वाक्यं प्रमाणम्' ला मात्र नेमका जोडीदार आहे, इप्से डिक्सिट, 'त्यानं स्वतः म्हटलंय', पायथागोरसचे शिष्य असं म्हणून वाद मिटवायचे.

ताई, बहुश्रुतला एक शब्द शोधू नका. आजी ऐकून शिकली हे एका वाक्यात लिहा. इंग्रजीत पाठ असण्याला 'बाय हार्ट' म्हणतात, आपण तोंडपाठ म्हणतो. तिचा हरिपाठ बाय हार्ट आहे हे लिहिलं तर ते तिथल्या माणसाला लगेच पोचेल, आणि खरं पण आहे.

निवडुंग:
वारकरी हा शब्द तसाच ठेवा, पिलग्रिम करू नका. पिलग्रिमचं मूळ परका माणूस, परदेशी. वारीत कुणी परका नसतो. एका ओळीत समजावून सांगा की झालं.

कोयनाकाठ:
मंडळी, परवा सगळं परत लिहिलं. ऑर्थोडॉक्स, सुपरस्टिशस, अनएज्युकेटेड तिन्ही काढले. वारकरी तसाच ठेवला. डीव्हाउट एकदाच. बाबा अ‍ॅग्नॉस्टिक, आणि आजीला दिंडीपर्यंत पोचवणारे. अमावास्येचं पण ठेवलं, मला ते पटत नाही हे पण लिहिलं. आजीला वाचता येत नाही, ती जे शिकली ते ऐकून शिकली आणि ओसरीवर बसून ऐकण्यातच तिनं आयुष्य घातलं, म्हणून मी ऐकण्याचं काम शिकायला येतेय, असा शेवट केलाय. ताईंना परत दाखवला, त्या ह्या वेळी म्हणाल्या की आजींना एकदा भेटायचंय.

काल फोनवर आजीला सगळा निबंध मराठीत सांगितला. शांतपणे ऐकून घेतला तिनं. मग म्हणाली, "माझं एवढं लिवलंस, त्यात पांडुरंगाचं नाव हाय का कुटं?" नव्हतं. आत्ता घातलं. अर्ज शुक्रवारी जाईल.